सत्तेचाळीस एफ पाच

दहिवलीच्या माणसाला तीन पत्ते असतात. एक पोस्टमनसाठी, दुसरा तलाठ्याच्या दप्तरातला आणि तिसरा डेहराडूनचा. पहिले दोन त्याला तोंडपाठ असतात, तिसऱ्याची गंधवार्ताही नसते. डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय आहे आणि तिथल्या हिशेबात दहिवली, कर्जत, खोपोली, खंडाळा ही सगळी मंडळी एकाच कागदावर नांदतात. त्या कागदाचं नाव ४७ एफ/५. पाठ्यपुस्तक त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतं, कॉलेजातली पोरं टोपोशीट म्हणतात. मी सत्तेचाळीस एफ पाच म्हणतो. त्याच्या स्वभावाला नावापेक्षा नंबरच शोभतो.

अंगापिंडानं बेताचा. उंची साधारण पंचावन्न सेंटिमीटर, रुंदी त्रेपन्नच्या आसपास. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. एवढ्याशा अंगात सुमारे ७३० चौरस किलोमीटर मुलूख सामावलेला. वरच्या डाव्या कोपऱ्यात माथेरान, खाली खोपोली, तळाशी खंडाळा, उजवीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले आणि त्यामागे मावळ. मध्याच्या जरा वर, डाव्या अंगाला कर्जत आणि दहिवली. लोणावळ्याचं मात्र नशीब वाईट. कागदाची तळची कड नेमकी त्या गावातून जाते, त्यामुळे लोणावळेकराला आपलं गाव पुरतं बघायचं तर दोन नकाशे घ्यावे लागतात.

खानदान मोठं. पणजोबा नुसते ‘४७’. सोळा ते वीस अंश उत्तर आणि बहात्तर ते शहात्तर अंश पूर्व एवढा त्यांचा पसारा. मुंबई, पुणे, सोलापूर सगळं त्यात. त्यांचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना ए ते पी अशी अक्षरं. प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा, पंधरा-पंधरा मिनिटांचे. वरून खाली चार मोजायचे, मग शेजारच्या रांगेत यायचं. एफची पहिली रांग चारला संपली की दुसरीतला सगळ्यात वरचा तो पाच. म्हणजे या गृहस्थाच्या नावातच त्याचं ठिकाण सांगितलेलं आहे. आडनावावरून गाव कळण्याची सोय आपल्याकडे आहेच, पण अंश-मिनिटांपर्यंत कळणारं आडनाव दुसरं नसेल.

बोलणं अगदी मोजकं. निळा म्हणजे पाणी, तपकिरी म्हणजे उंची, हिरवा म्हणजे झाडी, पिवळा म्हणजे शेती, तांबडा म्हणजे रस्ते आणि वस्ती, काळा म्हणजे रेल्वे, हद्दी आणि नावं. विहीर बांधीव असली तर एक खूण, नसली तर दुसरी. देवळाला एक, दर्ग्याला वेगळी. पोस्ट ऑफिस दोन अक्षरांत आटोपलेलं. विशेषणं त्याला ठाऊक नाहीत. माथेरानला तो रम्य म्हणणार नाही, राजमाचीला बुलंद म्हणणार नाही. विचारलं तेवढंच सांगतो, आणि काय विचारायचं हे आपल्याला कळलं पाहिजे. भूगोल नावाची विद्या माझ्या मते इथेच सुरू होते. कुठे आहे, हे तो सांगतो. तिथेच का आहे, हे आपण शोधायचं.

उदाहरण घरचंच घेऊ. कर्जत तालुक्यात दहिवली दोन आहेत. एक आमची, कर्जत नगरपरिषदेतली, कागदोपत्री दहिवली तर्फे नीड. दुसरी नेरळ-कळंब रस्त्यावरची, दहिवली तर्फे वरेडी. दोन्ही एकाच तालुक्यात आणि दोन्हींना उल्हास नदीचाच शेजार. पावसाळ्यात बातमी येते की दहिवलीचा पूल पाण्याखाली गेला, आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक आम्हाला फोन करकरून विचारतात. पूल असतो नेरळच्या बाजूचा. जुन्या महसुली व्यवस्थेनं या घोळावर ‘तर्फ’ लावून इलाज केला होता, पण तो कचेरीपुरता. बोलताना तर्फ कोण लावतो?

सत्तेचाळीस एफ पाचला या भानगडीत पडावंच लागत नाही. एकोणीस अंशाचं अक्षवृत्त या दोन दहिवलींच्या मधून जातं आणि तीच त्याची वरची कड. भिवपुरी रोड स्टेशन त्याच्या हद्दीत, नेरळ हद्दीबाहेर. आमची दहिवली त्याची, दुसरी वरच्या शेजाऱ्याची, म्हणजे ४७ ई/८ ची. माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून नेरळहून निघून डोंगर चढते, ती वळणं घेत घेत या शेजाऱ्याच्या घरातून याच्या घरात येते. गाडीतल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. नाव सारखं असलं तरी ठिकाण सारखं नसतं, ही भूगोलातली पहिली गोष्ट. ठिकाण नुसत्या आकड्यांनी कळतं, पण गाव कळायला नदी, रस्ता, बाजार, शेजारी लागतात, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी शिकायला आमचा तालुका फार सोयीचा आहे.

आता त्याची एक खोड सांगतो. दिसायला चौकोनी असला तरी तो चौकोनी नाही. पट्टी घेऊन वरची कड आणि खालची कड नीट मोजली, तर वरची खालचीपेक्षा किंचित आखूड भरते. फरक किती? जमिनीवर चाळीस मीटरच्या आसपास आणि कागदावर एक मिलिमीटरही नाही. पण तो फरक छपाईतला नव्हे. रेखावृत्तं उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ सरकत असतात, ध्रुवावर गाठ पडेपर्यंत. खंडाळ्याहून माथेरानपर्यंत येता येता ती तेवढी जवळ आलेली असतात. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा द्यायला लोक क्षितिजापार जाणारी गलबतं दाखवतात. आमच्याकडे तो कागदाच्या कडेला आहे.

हा गोलपणा मोजायचं वेड फार जुनं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनीस यानं ऐकलं, की दक्षिणेकडे सायीन गावी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा. दोन गावांमधलं अंतर पाच हजार स्टेडिया धरून त्यानं पन्नासनं गुणलं आणि घरबसल्या पृथ्वीचा घेर काढला. आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त तीच वाट वेगळ्या तऱ्हेनं दाखवली. विषुववृत्तापासून उज्जयिनी घेराच्या सोळाव्या भागावर आहे, तेव्हा ते अंतर मोजा आणि सोळानं गुणा. घेर त्यांनी ४९६७ योजनं सांगितला आहे. मग पृथ्वी सपाट का दिसते? त्यांचं उत्तर असं, की घेराचा अगदी लहान तुकडा सपाटच भासतो आणि माणूस तर फारच लहान. आठशे वर्षांपूर्वीचं हे उत्तर आजही कुणाला सुधारता येईल असं वाटत नाही.

सायीनची गंमत बघायला इजिप्तला जायची गरज नाही. दहिवली कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आमच्या बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्यावर, एकदा जुलै सरता सरता. जुलैतला दिवस ढगांत जातो. मेमध्ये मात्र अंगणात खांब उभा करून ठेवावा आणि घड्याळ बघत बसावं. बाराला नव्हे, साडेबारा वाजून काही मिनिटांनी सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. हा उशीर का, तेही सत्तेचाळीस एफ पाचच्या कडेवर लिहिलेलं आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताच्या वेळेनं चालतं आणि दहिवली त्र्याहत्तर अंशाच्या थोडी पुढे. नऊ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. हिशेब करून बघा.

सत्तेचाळीस एफ पाचच्या जन्माच्या कथेतला सर्वांत मोठा माणूस महाराष्ट्राच्या मातीत पुरलेला आहे. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत तो उत्तरेला निघाला. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात. मग त्यांतल्या एकीवर पुढचा त्रिकोण. शाळेत त्रिकोणमितीनं छळलेल्या प्रत्येकानं हे ध्यानात घ्यावं, की एवढ्या एका युक्तीवर अख्खा देश मोजला गेला. कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर चढवला जात होता. ताप आणि जंगल यांनी किती माणसं खाल्ली याची गणती नाही, आणि त्या हमालांची, खलाशांची नावं कुठल्याच शिखराला मिळाली नाहीत. लॅम्ब्टन १८२३ मध्ये वाटेतच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव मात्र शिखराला लागलं. त्यानं ठरवलेला पृथ्वीचा आकार, १८३० सालचा, सत्तेचाळीस एफ पाचसारख्या नकाशांच्या पायाशी पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ राहिला.

उंचीचं शून्य कुठून धरायचं, हाही प्रश्न होताच. समुद्र एका जागी थांबत नाही. अविभक्त हिंदुस्थानातल्या नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून सरासरी काढली गेली. त्यांत मुंबईचं अपोलो बंदर होतं. कर्जत स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिचं मूळ त्या मोजणीत आहे.

पण या कागदाचं खरं रूप बघायचं तर तपकिरी रेषांत. समोच्चरेषा. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी एक रेषा, मग वीस मीटर वर दुसरी. स्कॉटलंडमध्ये १७७४ साली एका डोंगराच्या ओढीवरून पृथ्वीचं वजन काढायचा खटाटोप चालला होता. त्या डोंगराच्या आकड्यांचं जंगल आवरायला चार्ल्स हटन या गणितज्ञानं सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि डोंगर कागदावर उभा राहिला. त्याआधी डोंगर म्हणजे चित्रकाराच्या मर्जीनं काढलेल्या उतरत्या रेघोट्या. आमच्या कागदावर दहिवलीपाशी या रेषा इतक्या विरळ की भातखाचरांना मोकळं अंगण मिळालेलं. पूर्वेला बोट सरकवत न्यावं तर त्या जवळ येऊ लागतात, कोंढाण्याच्या लेण्यांपाशी दाटतात, आणि राजमाचीच्या कड्याला त्यांच्यात सुई घालायला जागा राहत नाही.

या गर्दीतून रेल्वेची काळी रेघ कशी वर गेली ते बघण्यासारखं आहे. बोरघाटाचा चढ ३७ ला १. सदतीस मीटर पुढे जावं तेव्हा गाडी एक मीटर चढते. म्हणजे वीस मीटरची एक समोच्चरेषा ओलांडायला ७४० मीटर धावायचं, कागदावर दीड सेंटिमीटर. सरळ गेलं तर रेषा मिलिमीटरच्या अंतरानं आडव्या येतात, म्हणून रेघ डोंगराच्या कुशीला धरून तिरपी सरकते, बोगद्यात शिरते, बाहेर येते. जेम्स बर्कलेच्या आखणीचा हा घाट १८६३ साली सुरू झाला. तो बांधताना हजारोंनी मजूर रोगराईनं मेले.

आणि कर्जत? घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, बँकर. ती जोडायला गाडी थांबणार, थांबली की माणसं खिडकीतून हात बाहेर काढणार, आणि हातात दिवाडकरांचा वडा पडणार. कर्जतच्या वड्याच्या चवीबद्दल लोकांनी बरंच लिहिलंय. त्याच्या पत्त्याचं श्रेय मात्र दीड सेंटिमीटरच्या त्या हिशेबाला आहे.

इथे एक जुना वाद उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात हंबोल्ट आणि रिटर यांनी जर्मनीत भूगोलाला विद्यापीठीय शिस्त दिली, त्यानंतर रॅट्झेलच्या विचारातून असं मत पसरलं की जमीन, हवा, डोंगर हेच माणसाचं जगणं ठरवतात. फ्रान्सच्या विडाल द ला ब्लाशनं सांगितलं, निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणसाची. वाद पुस्तकात कंटाळवाणा आहे. आमच्या कागदावर ठेवला की रंगतो. बँकर इंजिनं रॅट्झेलच्या बाजूनं साक्ष देतात. पण उजवीकडे भिवपुरीचं वीजघर आहे, १९२२ चं. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ती अडवली, डोंगरातून बोगदा काढला आणि पाणी पश्चिमेला कड्यावरून खाली सोडलं. वीज मुंबईला गेली. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी पेज नदीत आलं, पेज उल्हासला मिळाली, आणि उपसागराचं पाणी अरबी समुद्राला निघालं. खोपोलीचं वीजघर त्याहून आधीचं, १९१५ चं. तिथलं पाणी पाताळगंगेत उतरतं. जलविभाजक रेषा आहे तिथेच आहे, पाणी तेवढं तिला जुमानेनासं झालं. पेज बारमाही झाली, राजनाला कालव्याखालच्या शेतकऱ्याला उन्हाळी भात घेता येऊ लागला. नकाशाचा संकेत असा, की बारमाही पाणी निळं आणि कोरडा पडणारा ओढा काळा. तेव्हा इथल्या निळ्या रंगातला थोडा रंग कंपनीचा आहे. मी या वादात विडालच्या बाजूचा, पण निवड करताना मावळातली ज्यांची शेतं धरणाखाली गेली त्यांना कुणी विचारलं होतं, हा प्रश्न विडालनंही सोडवलेला नाही.

सत्तेचाळीस एफ पाच काही देवमाणूस नाही. त्याच्या अंगावर जागोजाग ठाकूरवाडी, कातकरवाडी अशी नावं दिसतात. एक, दोन, पुन्हा एक. गावाला गावाचं नाव आणि आदिवासींच्या वस्तीला जातीचं, ही मोजणीदाराची सवय त्याच्याही अंगात मुरलेली आहे. वाडीतल्या माणसाला झऱ्याचं, खडकाचं, पायवाटेचं नाव ठाऊक असतं; त्यातलं फार थोडं कागदावर आलं. शिवाय त्याला उतार कळतो, ओल कळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. त्या उताराच्या रेषा नकाशावर आधीपासून दाटच होत्या. दाट रेषा धोका आहे एवढं सांगतात, कुठल्या रात्री हे सांगत नाहीत, आणि सांगितलं असतं तरी वाडीपर्यंत ते कोण पोचवणार होतं?

आणि आयुष्याचा मोठा काळ तो गोषात राहिला. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले असे नकाशे संरक्षणाच्या कारणानं प्रतिबंधित होते. त्यात आमचा हा. कॉलेजच्या कपाटात कुलपाआड, सह्या करून बाहेर निघायचा. गंमत अशी, की अमेरिकन लष्करानं छापलेले याच मुलखाचे अडीच लाख प्रमाणाचे जुने नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर मोकळे ठेवले होते. मुंबई-पुण्याचे डोंगरवेडे ते उतरवून घेऊन ढाक-राजमाचीला जात. स्वतःचा डोंगर बघायला टेक्सासचा दरवाजा ठोठावायचा! २००५ च्या धोरणानं लष्करासाठी आणि लोकांसाठी अशा दोन मालिका केल्या. लोकांच्या मालिकेत याला ‘ई ४३’नं सुरू होणारा नवा नंबर मिळाला. २०१७ पासून आधार क्रमांक देऊन नकाशे फुकट उतरवता येऊ लागले, २०२१ मध्ये बंधनं आणखी सैल झाली.

कुलूप निघालं, पण गिऱ्हाईक कुठे आहे? दहावीला भूगोल चाळीस गुणांचा, इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा एकच पेपर रद्द झाला, तो भूगोलाचा. सरासरीनं गुण दिले आणि एका अख्ख्या वर्षाच्या मुलांनी त्याला सुट्टी मानलं. मुंबईत १८३१ साली जिऑग्राफिकल सोसायटी निघाली होती, चं. धुं. देशपांड्यांसारख्या प्राध्यापकानं १९४८ मध्ये पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल लिहिला. त्या परंपरेच्या राज्यात पोरं राजधान्या आणि खनिजं घोकतात आणि घरामागचा ओढा कुठल्या नदीला मिळतो हे विचारलं की मोबाइल काढतात. मोबाइल रस्ता उत्तम दाखवतो. तो डावीकडे वळा म्हणतो. डावीकडेच का, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारण्याची सवयही त्यामुळेच जाते.

तुमच्याही गावाला असा एक नंबर आहे. पुणे ४७ एफ/१४ वर, सोलापूर ४७ ओ/१४ वर, नागपूर ५५ ओ/४ वर. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घ्या, वर सांगितलेल्या सोळा-सोळाच्या रीतीनं मोजा, जुना नंबर घरीच निघेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून आपल्या गावाचा कागद उतरवून घ्या आणि मोठा छापून भिंतीला लावा. पोराला आधी घर शोधायला सांगा, मग घरामागचा ओढा, आणि तो समुद्राला मिळेपर्यंत बोट उचलू देऊ नका. शेजारचे चार-सहा कागदही आणून ठेवा, ओढा एका कागदावर थांबत नाही.